पेठेतले जुने बाइंडर : कोणतं पुस्तक न्यावं, कोणतं नेऊ नये

निकाल आधीच सांगतो. शिवणीचं काम अव्वल. पानांची दुरुस्ती चांगली, कधी कधी फारच चांगली. कापडी पक्की बांधणी मजबूत, दिसायला साधी. कण्यावरची अक्षरं सुमार. चामड्याचं काम देऊ नये. तारखेचा आग्रह धरू नये. दर साध्या पुठ्ठा बांधणीच्या चौपट-पाचपट पडतो, आणि जुन्या पुस्तकासाठी तो वाजवी आहे.

दुकान पुण्याच्या पेठेत, दहा बाय बाराच्या खोलीत. नाव-पत्ता इथे देत नाही, कारण मालकांनीच तशी ताकीद दिली आहे; हातातलं काम उरकत नाही, त्यात नवी गर्दी कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब. आप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांपैकी दोघा-तिघांना ‘शिवून देणारे काका कुठे बसतात’ असं विचारलं की पत्ता मिळतो.

काका पन्नासहून जास्त वर्षं याच धंद्यात आहेत. सुरुवात खिळे जुळवण्याच्या काळातल्या छापखान्यात, बाइंडिंग खात्यात. आधी फर्मे मोडायचे, म्हणजे छापील ताव दुमडून पानांचे जुडगे करायचे, मग मिसळ लावायची, म्हणजे ते क्रमाने रचायचे, मग शिवणीला बसायचं, मग शिकंजा, म्हणजे दाबयंत्र, आणि सगळ्यात शेवटी कटिंग मशीनला हात लावायचा, अशी तिथली चढती पायरी. ऑफसेट आलं, पाठोपाठ न शिवता पानं गरम डिंकाने चिकटवणारी परफेक्ट बाइंडिंग आली, तेव्हा शिवणारी माणसं सगळ्यात आधी घरी बसली. काकांनी ग्रंथालयांची दुरुस्तीची कामं धरली आणि तिथे अभिलेखागारातल्या जाणकारांकडून स्टार्चची खळ, जपानी कागद, शाईची चाचणी हे सगळं उचललं. त्यामुळे त्यांच्या कामात छापखान्याची शिस्त आणि संग्रहालयाची सावधगिरी असं दुहेरी वळण दिसतं. दोन्ही जुळतात तिथे काम फार वर जातं. छापखान्याची सवय वरचढ ठरते तिथे थोडं घसरतं. दिवाळी अंकांच्या बाबतीत तेच होतं, त्याबद्दल पुढे.

पुस्तक टेबलावर ठेवलं की लगेच भाव मिळत नाही. आधी तपासणी, आणि ती बघण्यासारखी असते. पहिल्यांदा दोरा शोधतात. सोळा पानी फर्म्यात दोरा मधल्या घडीत, म्हणजे आठव्या आणि नवव्या पानाच्या बेचक्यात दिसायला हवा. तो दिसला की पुस्तक मुळात जुजबंदी शिवणीचं, म्हणजे घडीतून दोरा घालून शिवलेलं आहे आणि पुन्हा तसंच शिवता येईल हे कळतं. दोरा घडीत नसून कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत आरपार गेला असेल, तर मधल्या काळात कुणीतरी दाभणाने टोचून ‘पक्की बांधणी’ करून टाकली आहे. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. दहा मिनिटांत होतो, पुस्तक हातात घट्ट लागतं, गिऱ्हाईक खूश. पण असं पुस्तक पुरतं उघडत नाही, वाचणारा दाबून उघडतो, आणि पान टाक्याच्या रेषेवर सारखं दुमडत राहतं. कागद जुना असेल तर काही वर्षांत त्याच रेषेवर पानं ओळीने तुटून हातात येतात. दोरा शाबूत, पुस्तक गेलं.

मग कागद. एखाद्या कोऱ्या पानाचा टोकाचा चार-पाच मिलिमीटर कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडतात. पहिल्या-दुसऱ्या दुमडीतच तुकडा पडला तर तो कागद शिवण सोसणार नाही. पुस्तक जितकं जुनं तितका कागद कमकुवत असं मात्र नसतं. चिंध्यांच्या लगद्याचा १८५०-६० च्या सुमाराचा कागद आजही धडधाकट सापडतो, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईत छापलेलं पुस्तक खाकऱ्यासारखं मोडतं. लाकडाचा लगदा आणि तुरटी-राळेचं पाजण कागदात आलं तसं आम्लही आलं. ते आतल्या आत तंतू तोडत राहतं. बांधणी कितीही भारी केली तरी ते थांबत नाही.

तिसरी चाचणी शाईची. समासातल्या टिपणावर पाण्याचा थेंब टेकवून वर टिपकागद दाबायचा. छपाईची काळी शाई तेलातली, ती हलत नाही. फाउंटन पेनची निळी आणि रबरी शिक्क्याची जांभळी शाई लगेच टिपकागदावर उतरते. वाचनालयाच्या पुस्तकांवर जांभळे शिक्के असायचेच, त्यामुळे आम्ल काढायला तशी पानं पाण्याने धुण्याचा विषय तिथेच मिटतो. शेवटी पानमोजणी: पहिल्यापासून शेवटपर्यंत, चित्रांची सुटी पानं, घडीचे नकाशे, चिकटवलेलं शुद्धिपत्र धरून, आणि वहीत नोंद. बहुतेक बाइंडर ही पायरी गाळतात. मग परत आलेल्या पुस्तकात नकाशा नसला की तो मुळातच नव्हता की दुकानात राहिला, यावर वाद घालत बसावं लागतं.

दुकानाची खरी परीक्षा मात्र खळीत होते. धंद्यात सरसकट मैद्याची खळ चालते आणि कसर-झुरळ लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकतात. काही जण वर तुरटीही घालतात. मोरचुदाने कीड दूर राहते हे खरं. पण मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि तांबं कागदाच्या तंतूंची झीज वाढवतं. तुरटी तर उघड आम्लधर्मी. अशा खळीने चिकटवलेल्या पोस्तीनाला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या कागदाला, कण्यालगत तपकिरी पट्टा धरतो आणि कागद तिथूनच चिरतो. काकांकडे दोन भांडी आहेत: मोरचुदाची मैद्याची खळ वह्या, रजिस्टरं, हिशोबाची बाडं यांच्यासाठी, गव्हाच्या स्टार्चची बिनमोरचुदाची खळ जुन्या पुस्तकांसाठी. ब्रशही वेगळे. गिऱ्हाइकाने दुसरं काही विचारलं नाही तरी चालेल, ‘माझ्या पुस्तकाला कोणत्या भांड्यातली?’ एवढं विचारावं. ओलं भांडं उघडून दाखवतात.

स्टार्चच का? मैद्यात ग्लुटेन असतं. ते वाळल्यावर कडक होतं, पिवळं पडतं आणि किडीला आवडतं. नुसता स्टार्च वाळल्यावरही लवचीक राहतो आणि पाण्याने पुन्हा सोडवता येतो. प्रमाण एक भाग स्टार्चला पाच भाग पाणी. तासभर भिजवायचं, मग मंद आचेवर न थांबता ढवळत वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं. पांढरटपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली आणि पळीवरून जड पडू लागली की उतरवायची. पूर्ण गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून घ्यायची. गरम असताना चाळली तर थंड होताना पुन्हा गाठी धरतात. कापडाला दाट लागते, जपानी कागदाला दुधाइतकी पातळ. कच्ची राहिली तर पकडत नाही, पट्टी वाळल्यावर सुटते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा वास आला की फेकून द्यायची. इथे ती खरोखर फेकली जाते, पाणी घालून ढकलली जात नाही.

फेव्हिकॉल दुकानात आहे. त्याचा उपयोग पुठ्ठ्यावर कापड चढवताना, खळीत थोडा मिसळून. पानाला, घडीला किंवा कण्याला थेट लावत नाहीत. पांढरा डिंक एकदा वाळला की पाण्यात विरघळत नाही. पुढच्या बाइंडरला तो काढताना कागदाचा पापुद्राच काढावा लागतो.

नीट निरखलेलं मोठं काम म्हणजे १९२० च्या दशकातला ६४० पानांचा एक कोशखंड. सोळा पानी चाळीस फर्मे. कणा निखळलेला, पुठ्ठे लोंबत असलेले, पहिल्या-शेवटच्या फर्म्यांच्या घड्या फाटून पानं सुटी झालेली, आणि मध्ये कुणीतरी मायेने लावलेली सेलोटेप.

खंड सुटा करताना दोरा ओढून काढत नाहीत. प्रत्येक फर्म्याच्या मधल्या घडीत टोकदार पातं घालून टाका कापतात. कण्यावर जुन्या सरसाचा काळपट थर असतो. त्यावर दाट खळीचा लेप देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. सरस ओल पिऊन फुगतो आणि हाडाच्या पट्टीने खरवडून निघतो. घाई केली तर सरसाबरोबर घडीचा कागदही निघून येतो. लेप विसरला तर ओल घडीतून आत शिरते आणि पानावर पाण्याची तपकिरी रेघ उमटते. या खंडात एकाही फर्म्यावर तशी रेघ आलेली नाही, आणि चाळीस फर्म्यांच्या कामात ही साधी गोष्ट नाही. सेलोटेपची प्लॅस्टिक पट्टी कोमट पात्याने उचलली आहे, डाग राहिला आहे. डाग जाणार नाही हे काका काम घेतानाच सांगतात आणि तो उडवायच्या फंदात पडत नाहीत. जुन्या टेपचा डिंक कागदाच्या पोटात मुरलेला असतो. द्रावणाने तो निघण्यापेक्षा पसरायचीच भीती जास्त.

फाटलेल्या घड्यांना जपानी कागदाच्या पट्ट्या लावल्या आहेत, दहा ते बारा मिलिमीटर रुंद. तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून हा कागद होतो, तंतू लांब, म्हणून पातळ असूनही चिवट. पट्टी कात्रीने कापलेली नाही. पट्टीच्या बाजूने ओल्या ब्रशची रेघ ओढून कागद हलकेच ताणून फाडतात, तशाने कडेला तंतूंची झालर राहते. ती झालर पानात मिसळून जाते आणि कडेला धार राहत नाही; कापलेल्या सरळ कडेवर पान पुढे-मागे दुमडून नेमकं तिथेच नव्याने फाटतं. पट्टी फर्म्याच्या सगळ्यात बाहेरच्या पानाला बाहेरून आणि मधल्या पानाला आतून लावली आहे, आणि फक्त गरज होती तिथेच. सगळ्या घड्यांना पट्ट्या मारल्या असत्या तर काम देखणं दिसलं असतं, पण प्रत्येक पट्टीची जाडी कण्यात साठत जाते. दुकानात नेपाळी लोकता कागदही दिसतो. तो स्वस्त पडतो, जरा जाड असतो, पुठ्ठा आणि कणा यांच्या सांध्याच्या आतल्या अस्तराला चांगला. छापील मजकुरावर लावायला नको, अक्षरं धुरकट दिसतात.

शिवणीत काकांचा हात खरा कळतो. चार फितींवर, लाकडी चौकटीत, प्रत्येक फर्मा स्वतंत्र आणि वरच्या टोकाच्या गाठीपासून खालच्या टोकाच्या गाठीपर्यंत पुरता शिवलेला. घाईच्या कामात एका दोऱ्यात दोन फर्मे उरकतात, तसं इथे केलेलं नाही. दोरा निवडण्यामागे सरळ अंकगणित आहे. प्रत्येक फर्म्याच्या घडीत दोऱ्याची एक जाडी बसते. अर्धा मिलिमीटर दोरा घेतला तर चाळीस फर्म्यांना वीस मिलिमीटर वाढ. चार सेंटीमीटर जाडीचा खंड कण्याकडे सहा सेंटीमीटर होऊन पाचरीच्या आकाराचा बनतो आणि पुठ्ठे कधीच सपाट बसत नाहीत. काकांनी ०.३ मिलिमीटरचा तीन पदरी दोरा मेणावरून ओढून वापरला आहे. बारा मिलिमीटर वाढ, त्यातली निम्मी शिकंज्यात दाबताना कागदात रुतते, उरलेली कण्याला गोलाई देताना खपते. याहून बारीक दोरा घेतला असता तर तो घडी चिरत गेला असता, आणि वाढच न झाल्याने कण्याला गोलाई देता आली नसती. मग वर्षा-दोन वर्षांत कणा आत बसतो आणि समोरची कड बाहेर येते.

कण्यावर आधी स्टार्चच्या खळीने जपानी कागदाचा थर, त्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर बाहेर राहील असं मलमल, आणि वर क्राफ्ट कागदाची चपटी नळी. नळीची एक बाजू कण्याला, दुसरी कापडाला चिकटते. पुस्तक उघडताना कणा आत वळतो आणि वरचं कापड त्याच्याबरोबर मोडत नाही. पुठ्ठा अडीच मिलिमीटरचा ग्रेबोर्ड, पानांच्या कडेपासून तीन मिलिमीटर बाहेर. पोस्तीनाला सुती हातकागद, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसला. जुन्या कण्यावरचा नावाचा तुकडा सोडवून नव्या कापडावर बसवला आहे. समास कुठेही कापलेले नाहीत. कोपऱ्यातलं कटिंग मशीन जुन्या पुस्तकांसाठी चालवतच नाहीत. त्यावर सध्या कापडाचे तागे रचलेले आहेत. प्रत्येक नव्या बांधणीत कडा ‘साफ’ करायला दोन-तीन मिलिमीटर कापायचे हा धंद्यातला रिवाज, आणि तिसऱ्या बांधणीला समासातली हस्ताक्षरं अर्धी उडालेली असतात.

परिणाम: खंड पान ३२० वर उघडून टेबलावर ठेवला तर हात काढल्यावरही उघडाच राहतो. पान १० वर आणि ६३० वरही. जुन्या पुस्तकाच्या बांधणीला याहून चांगली कसोटी नाही. दोष एकच, पुढचा पुठ्ठा जरासा आत खेचलेला आहे. बाहेरच्या कापडाला फेव्हिकॉल मिसळलेली खळ आणि आतल्या पोस्तीनाला जास्त ओली खळ. ओला कागद फुगला, वाळताना आक्रसला आणि पुठ्ठ्याला ओढून गेला. ग्रेन बरोबर आहे, म्हणजे कागद, पुठ्ठा, कापड सगळ्यांचे तंतू कण्याला समांतर आहेत, नाहीतर पुठ्ठा याहून कितीतरी वाईट वाकला असता. महिनाभर वजनाखाली ठेवल्यावर बराचसा सरळ झाला.

कमी डिंक आणि जास्त शिवण, हा काकांचा हट्ट जगभरच्या जाणत्या बाइंडरांचा आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. तिथे मदतीला गेलेल्या इंग्रज कारागिरांपैकी ख्रिस्तोफर क्लार्कसन यांच्या लक्षात आलं, की मऊ चर्मपत्राच्या, जवळपास बिनसरसाच्या, शिवणीवर आणि गुंतवणीवरच उभ्या असलेल्या बांधण्या त्या पुरातूनही बऱ्या अवस्थेत निघाल्या. पुढे ग्रंथसंवर्धनाचं सगळं वळण त्या दिशेने गेलं. पेठेतल्या खोलीत हे नाव कुणी घेत नाही, काम मात्र त्याच अंगाने चालतं.

दिवाळी अंकांची बांधणी हे दुकानाचं रोजचं काम, आणि इथे मत जरा वेगळं पडतं. मधली पिन मारलेले जुने अंक येतात, पिना गंजलेल्या. गंजाने पिनेभोवतीचा कागद जळल्यासारखा होतो, म्हणून पिन ओढायची नाही. मागचे पाय पातळ पात्याने सरळ करून उचलायची. हे इथे व्यवस्थित होतं. भोकं पडलेल्या घडीला लोकताची पट्टी लावून प्रत्येक अंक पाच टोच्यांच्या शिवणीने वेगळा शिवतात, मग चार अंकांचा एक खंड. चारच्या वर जाऊ नये. मासिकाच्या आकाराची पानं स्वतःच्या वजनाने कण्यातून खाली झुकतात. मुखपृष्ठं आणि जाहिराती जागच्या जागी राहतात, हे फार बरं. जाहिरातीच फेकून देणारे बाइंडर आहेत, आणि पन्नास वर्षांनी निम्मी गंमत त्या जाहिरातींत असते. इथवर ठीक. पण कण्याला मात्र सरळ फेव्हिकॉल, ‘मासिकच तर आहे’ म्हणून. १९६० च्या दशकातला अंक आज पुन्हा मिळत नाही, तेव्हा त्यालाही खळच हवी. काम देताना स्पष्ट सांगितलं तर करतात, थोडे जास्त पैसे लावतात. आर्ट पेपरची पानं असलेले अंक पावसाळ्यात देऊच नयेत. त्या कागदावरचा चकचकीत लेप ओल्या खळीने मऊ पडतो आणि दोन पानं एकमेकांना अशी चिकटतात की सुटी करताना छपाईच निघून येते.

नव्या परफेक्ट बाइंडिंगच्या कादंबऱ्या, ज्यांची पानं तिसऱ्या वाचनातच हातात येतात, त्या पंख्यासारख्या उलगडून डिंक लावण्याच्या पद्धतीने नीट करून मिळतात. गरम डिंकाचा थर पूर्ण काढून पानांची कड ताजी करायची, गठ्ठा शिकंज्यात धरून आधी एका बाजूला कलवून डिंक फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूला. प्रत्येक पानाच्या कडेला दोन्हीकडून मिलिमीटरभर डिंक शिरतो आणि शेजारच्या पानाला धरतो. यासाठी पांढरा डिंकच योग्य, कारण तो वाळूनही वाकतो. काम स्वस्त, तासाभराचं, वर्षानुवर्षं टिकणारं. सामान्य वाचकाला या दुकानाचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच आहे.

पोथ्या ते बांधत नाहीत. आडव्या सुट्या पानांची शिळाछाप पोथी कुणी ‘एकत्र शिवून द्या’ म्हणून आणली की परत करतात. ती पानं सुटी ठेवायलाच छापलेली; शिवली तर डाव्या अंगाच्या ओळी टाक्यात जातात आणि पारायणाला पान उलटून ठेवता येत नाही. त्याऐवजी मापाचे दोन पुठ्ठे आणि न रंगवलेल्या सुती कापडाचं बासन देतात. लाल बासन मागणाऱ्याला कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्यावर दाबून दाखवतात. कोपरा-चाचणीत नापास झालेल्या पुस्तकांनाही तोच न्याय: शिवण नाही, चार पाळ्यांची, म्हणजे चारी बाजूंनी पुस्तकावर दुमडणारी पेटी. आम्लरहित जाड कागदाची, पुस्तकाच्या मापापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोठी, वरून फितीने बांधायची. बरेच लोक नाराज होऊन जातात, त्यांना पुस्तक ‘नवं’ करून हवं असतं. ‘शिवलं तर तुम्हाला आवडेल, पुस्तकाला नाही आवडणार,’ एवढंच उत्तर मिळतं. खाकरा झालेल्या कागदाला पेटीच बरी.

आता तक्रारी. चामडं: वनस्पतीजन्य कमावणीचं जुनं चामडं लाल भुकटी सोडू लागलं की त्यावर हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोजचं साधारण दोन टक्क्यांचं अल्कोहोलमधलं द्रावण फिरवून भुकटी बसवतात. ते इथे होत नाही. त्याऐवजी तेल चोळायची जुनी सवय आहे. तेलाने चामडं काळवंडतं, चिकट होतं आणि भुकटी थांबत नाही. रापीने चामड्याची कड तासायचं कामही जाड राहतं, सांध्यावर फुगवटा येतो. तसं पुस्तक मुंबईत संग्रहालय-ग्रंथालयांची कामं करणाऱ्या तज्ज्ञांकडेच न्यावं.

अक्षरं: सोनेरी फॉइलचे पितळी ठसे जुने आहेत, वेलांट्या झिजल्या आहेत आणि रफार तर बहुतेक वेळा हाताने जुळवावा लागतो. जोडाक्षरांचं नाव असेल तर छापील कागदी पट्टी लावून घेतलेली बरी.

पावती: मिळत नाही. वहीतली नोंद मोबाइलवर फोटो काढून घ्यावी, विशेषतः पानमोजणीचा आकडा.

वेळ: सांगितलेली तारीख ही शुभेच्छा समजावी. त्यातही जून ते सप्टेंबर जुनी कामं बंदच असतात, आणि त्यात आळस नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरायला लागते, खळ वेळेवर वाळत नाही, पुठ्ठा ओल पितो आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत वाकतो. पावसाळ्यात आठवडाभरात बांधून देणारा बाइंडर हा वाकडेपणा गिऱ्हाइकाच्या घरी पाठवत असतो.

पुस्तक नेण्यापूर्वी घरी करायचं ते थोडंच. सुटलेले तुकडे, पापुद्रे, कण्याची लक्तरं फेकू नयेत, पाकिटात घालून बरोबर द्यावीत. घरी टेप, डिंक, स्टेपलर काहीही लावू नये. काकांचा निम्मा वेळ तेच काढण्यात जातो. ताजी पिवळसर भुकटी पडत असेल किंवा भोकांत अळी दिसत असेल तर पुस्तक प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. किडीचं पुस्तक तसंच दुकानात नेलं तर शेजारच्या गठ्ठ्यांनाही लागण होते, आणि काका ते दारातूनच परत करतात.

परत आणल्यावर एकदम मधून उघडू नये. कणा टेबलावर टेकवून आधी पुढचा पुठ्ठा, मग मागचा, मग दोन्हीकडून दहा-दहा पानं आलटून-पालटून खाली दाबत मध्यापर्यंत यावं. पहिला महिना आडवं ठेवावं, वर दोन-तीन जड पुस्तकं. न्यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम: दिवाळी अंकांची गर्दी ओसरलेली असते, हवा कोरडी असते, आणि मार्चअखेरीची ग्रंथालयांची बाडं अजून आलेली नसतात.